ऑटोमॅटिक गाडीवर पक्क्या लायसनची टेस्ट द्यायचीय, तयारी कशी करू? (गुहागर)

गुहागरची वैनी

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय. वय ४६, गुहागर तालुक्यात वाडीत राहते. मिस्टर जहाजावर असतात, मुलगा पुण्याला नोकरीला, घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा चिपळूणला डायलिसिसला न्यावं लागतं, जायला ४५ एक किलोमीटर आणि यायला तेवढंच, एसटीने त्यांना झेपत नाही आणि दर वेळी कोणाची तरी गाडी मागायची, कोणाच्या तरी वेळेप्रमाणे निघायचं, हे आता दीड वर्ष चाललंय. म्हणून मुलाने त्याची वॅगनआर इथे आणून ठेवली, ऑटोमॅटिक आहे, एजीएस म्हणतात ती. कच्चं लायसन काढून दोन महिने झाले.

अडचण अशी की मी ड्रायव्हिंग स्कूलला १५ दिवस शिकले ती गिअरची गाडी, आणि घरी आहे ही. स्कूलवाले म्हणतात टेस्ट गिअरच्या गाडीवरच होते, ऑटोमॅटिक चालत नाही, आमचीच गाडी घ्या. खरं आहे का हे? मला रोज जी चालवायचीय तिच्यावरच टेस्ट द्यायचीय.

दुसरं म्हणजे डावा पाय. मागच्या आठवड्यात सासूबाईंना मागे बसवून वाडीतच एक फेरी मारत होते, दीर शेजारी होते, समोर म्हैस आली आणि मी सवयीने डाव्या पायाने क्लच दाबला. म्हणजे क्लच नव्हताच, ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थांबली आणि सासूबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. लागलं नाही फार, त्या काही बोलल्या पण नाहीत, पण मला रात्रभर झोप आली नाही. तेव्हापासून त्यांना गाडीत बसवलेलं नाही.

आणि आमच्या खळ्यातून रस्त्यावर यायला चिऱ्याचा चढ आहे, तिथे गाडी मागे येते. रिव्हर्स पण कच्चा आहे. टेस्टला नक्की काय काय करायला लावतात ते कोणी सविस्तर सांगेल का, प्लीज.

वेंगुर्ल्याचा सडा

वहिनी, मी दोन वर्षांपूर्वी ऑटोमॅटिकवरच टेस्ट दिली, आमच्या सिंधुदुर्गात, आणि पास झालो. त्यामुळे चालतच नाही हे म्हणणं चूक आहे. आपल्याकडे कारच्या लायसनला एलएमव्ही, म्हणजे हलकं मोटार वाहन, लिहितात, त्यात गिअरची आणि ऑटोमॅटिक असा फरकच नाही, एकच लायसन दोन्हीला चालतं. फरक आहे तो दुचाकीला, गिअरची मोटरसायकल वेगळी आणि विनागिअर वेगळी, बहुतेक त्यावरूनच लोकांच्या डोक्यात हा घोळ बसलाय. मी आधी दुबईला होतो, तिकडे खरंच वेगळं असतं, ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली की लायसनवर तसं लिहून येतं आणि मग गिअरची गाडी चालवता येत नाही. गावात परत आलेले बरेच जण तिकडचंच इकडे सांगतात.

पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपले नियम १९८९ चे, त्यात टेस्टचं जे वर्णन आहे त्यात सगळे गिअर टाकून वरच्या गिअरपर्यंत जाणं, उतारावर पटकन खालचा गिअर घेणं वगैरे लिहिलंय, कारण तेव्हा ऑटोमॅटिक गाड्या इथे होत्याच कुठे. त्यामुळे टेस्ट घेणारे एखादे साहेब कुरकुर करू शकतात. टेस्टचा स्लॉट घ्यायच्या आधी आरटीओ ऑफिसला किंवा त्यांच्या कॅम्पला जाऊन सरळ विचारा की माझी स्वतःची ऑटोमॅटिक आणतेय, चालेल ना. मी तेच केलं, एका मिनिटाचं काम होतं. आणि खासगी गाडीच्या लायसनला स्कूलची गाडी घेतलीच पाहिजे असं कुठे नाही.

तारखा बघून ठेवा. कच्च्या लायसनला ३० दिवस झाले की टेस्ट देता येते आणि ते सहा महिने चालतं, म्हणजे तुमच्या हातात अजून चार महिने आहेत, घाई करू नका. नापास झालात तर सात दिवसांनी परत देता येते, पण तीनदा नापास झालात तर मग ६० दिवस थांबावं लागतं.

जाताना मूळ कच्चं लायसन, गाडीचं आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, सगळं एका पिशवीत. गाडी मुलाच्या नावावर असली तरी हरकत नाही. माझ्यासमोर एकाला पीयूसी संपली म्हणून परत पाठवलं, बिचारा देवगडच्या बाजूने पहाटे निघून आला होता. आणि एल बोर्ड पुढे-मागे दोन्हीकडे हवा, पांढऱ्यावर लाल, १८ सेंटिमीटरचा चौकोन. वहीच्या कागदावर स्केचपेनने काढलेला नको.

लालपरी ३१ वर्षं

बाय, मी एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो, त्यातली निम्मी कुंभार्ली घाटात गेली. रिटायर झाल्यावर सुनेने ऑटोमॅटिक घेतली आणि ६१ व्या वर्षी मला पण नव्याने शिकावं लागलं, तेव्हा डाव्या पायाचं जे तुझं झालं ते माझं पण झालंय. आयुष्यभर क्लच मारलेला पाय तो, ऐकतो होय लगेच. त्याला उपाय एकच, पाय अडकवून ठेवायचा. डावीकडे पाय टेकवायला जागा असते तिथे टाच घट्ट लावायची, नाहीतर सरळ सीटखाली मागे घ्यायचा आणि गाडी बंद होईपर्यंत तो पाय आपला नाहीच असं समजायचं. मी पहिले आठ दिवस डाव्या पायातली चप्पल काढून ठेवायचो, अनवाणी पाय लागला की लगेच कळतं कुठे ठेवलाय ते.

उजवा पाय एकटाच काम करणार. टाच ब्रेकच्या समोर जमिनीला टेकलेली ठेव आणि तिथूनच चवडा उजवीकडे वळवून एक्सलेटर दे, टाच उचलून पाय इकडून तिकडे नाचवायचा नाही. घाबरल्यावर पाय जिथे असेल तिथे दाबला जातो, म्हणून टाच ब्रेकसमोर असली पाहिजे. बाजारपेठेत ऑटोमॅटिक गाडी दुकानात घुसली असं ऐकतो ना आपण, त्यात बऱ्याचदा हेच झालेलं असतं, ब्रेक समजून एक्सलेटर.

आता मुख्य गोष्ट सांगतो. गिअरच्या गाडीत हळू चालवायचं म्हणजे क्लच, ऑटोमॅटिकमध्ये हळू चालवायचं म्हणजे ब्रेक. डी, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये टाकून ब्रेकवरचा पाय सैल केला की गाडी आपसूक सरकते, बरोबर? चढ सोडला तर त्या सरकण्यावरच टेस्ट होते. गाडी आठच्या आकड्यात फिरवणं, रिव्हर्स, कशालाच एक्सलेटर लागत नाही. तू सड्यावर जा, मोकळी जागा बघ, आणि चार दिवस एक्सलेटरला पायच लावू नको. नुसता ब्रेक सोडायचा, थोडा दाबायचा, परत सोडायचा. गाडी माणसाच्या चालीने चालली पाहिजे, शेजारून कोणी चालत असेल तर त्याच्या बरोबर. ते जमलं की डोकं आपटायचं बंद होतं, कारण पायाला कळायला लागतं केवढा ब्रेक म्हणजे केवढं थांबणं. आम्हाला एसटीत हीच सवय होती, उभे पॅसेंजर असायचे, म्हाताऱ्या बायका मासळीच्या पाट्या घेऊन उभ्या, एक ब्रेक जोरात मारला की सगळी गाडी पुढे यायची. थांबायच्या आधी ब्रेक थोडा सैल करायचा, अगदी शेवटच्या हातभर अंतरात. मग गाडी कधी थांबली ते कळत पण नाही.

घाटाचं पण सांगून ठेवतो, टेस्टला लागो न लागो, तुला लागणार आहे. उतारावर गाडी कधी न्यूट्रल करायची नाही, पेट्रोल वाचतं म्हणून करतात लोक, मूर्खपणा आहे. तुझ्या गाडीत एम असेल, म्हणजे गिअर आपल्या हाताने ठरवायचा, त्यात टाकून दुसऱ्या गिअरला उतरव, इंजिनच गाडी धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर उतरलीस तर ब्रेक तापतात, जळका वास यायला लागतो आणि मग दाबून पण धरत नाहीत. कुंभार्लीत खाली पोफळीला पोचेपर्यंत ज्या गाड्यांना वास येत असायचा त्या आम्ही लांबूनच ओळखायचो. आणि साहेब तोंडी विचारतात, अरुंद घाटात चढणारी गाडी आणि उतरणारी समोरासमोर आली तर कोणी थांबायचं. उतरणाऱ्याने थांबायचं, चढणाऱ्याला आधी वाट.

चिपळूण गॅरेज

वरच्या काकांनी बरंच सांगितलंय, मी फक्त चढाचं सांगतो कारण ताईंची गाडी एजीएस आहे आणि तिथे लोक क्लच जाळून आमच्याकडे येतात. एजीएस म्हणजे एएमटी. आत गिअरबॉक्स साध्या गिअरच्या गाडीचाच असतो, क्लचप्लेट पण असते, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तुमच्याऐवजी मशीन करतं. त्यामुळे चढावर ब्रेक सोडल्यावर क्लच पकडायला जो क्षण लागतो तेवढ्यात गाडी मागे घरंगळते. महागड्या ऑटोमॅटिकमध्ये हे एवढं जाणवत नाही. नवीन गाड्यांना हिल होल्ड येतं, ते दोनेक सेकंद गाडी धरतं, तुमची जुनी असेल तर नसेल.

म्हणून चढावर असं करा. हँडब्रेक पूर्ण वर ओढा, डी मध्ये आहे ना ते बघा, पाय ब्रेकवरून एक्सलेटरवर आणा आणि हळू द्या, गाडी पुढे ओढ घेते ते सीटमध्ये बसल्या बसल्या कळतं, बोनेट जरासं उचलल्यासारखं वाटतं, त्याच वेळी हँडब्रेक सोडा. एक इंच मागे येणार नाही. खळ्यातल्या चढावर रोज दहा वेळा करा, टेस्टला चढावर थांबवून परत काढायला सांगितलं तर हेच आहे. मात्र चढावर थांबलेली असताना एक्सलेटर थोडा थोडा देऊन गाडी धरून ठेवू नका, लोक ट्रॅफिकमध्ये करतात ते, त्यानेच क्लच जातो.

आणि तुमच्या गाडीला पी, म्हणजे पार्किंगची जागा लिव्हरवर नाही, स्कूलमध्ये कोणी सांगितलं नसेल. उभी करताना हँडब्रेक ओढून लिव्हर डी मध्ये, उताराकडे तोंड असेल तर आर, म्हणजे रिव्हर्समध्ये ठेवून मग चावी बंद करा म्हणजे गिअरमध्ये अडकून राहते. चालू करताना ब्रेक दाबून एन, म्हणजे न्यूट्रलमध्ये आणायची. डी वरून आर ला जाताना गाडी पूर्ण थांबलेलीच हवी, सरकत असताना ओढायचं नाही.

दापोलीकर मीनू

ताई, माझा रिव्हर्स सुधारला तो असोल्या, म्हणजे न सोललेल्या नारळांवर. स्कूलवाले दोन दिवस रिव्हर्स दाखवतात आणि झालं म्हणतात, तेवढ्याने काय होणार. आम्ही शाळेच्या मैदानात रविवारी रिव्हर्ससाठी चुन्याने इंग्रजी एच काढला आणि कडेला असोले नारळ ठेवले, गाडीचा पत्रा खराब होत नाही आणि चाक लागलं की नारळ घरंगळतो, लगेच कळतं. पहिल्या दिवशी १४ पैकी ११ घरंगळले. तिसऱ्या रविवारी दोनच. कॅमेरा असेल तर त्यावर कागद चिकटवा. मान वळवून मागच्या काचेतून बघायचं, मग दोन्ही आरसे, परत मागे. गाडी सरकत असतानाच स्टेअरिंग फिरवा, उभ्या गाडीत फिरवलं की आपल्याला अंदाजच लागत नाही. आणि मागचा भाग कुठे न्यायचाय त्या बाजूला स्टेअरिंग फिरवायचं, एवढं एक वाक्य मी मनात म्हणत राहायचे.

आठच्या आकड्यात गाडी थांबू देऊ नका आणि नजर बोनेटवर ठेवू नका, पुढच्या वळणाच्या पोकळीकडे ठेवा. आणि बसल्या बसल्या पहिल्यांदा सीट, मग आरसा, मग बेल्ट, हे साहेब गाडीत यायच्या आधी नाही तर ते बघत असताना करा. माझ्या पुढची मुलगी आरसा लावूनच बसली होती, तिला विचारलं आरसा का नाही बघितला. हाताचे इशारे पण पाठ हवेत, इंडिकेटर असला तरी विचारतात.

रत्नागिरी ०८

सगळं ठीक आहे पण माझं मत, गिअरची पण येऊ द्या. उद्या ही गाडी बंद पडली आणि शेजाऱ्याची घेऊन चिपळूण गाठायचं झालं तर? १५ दिवस शिकलाच आहात, आता सोडू नका.

गुहागरची वैनी

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचून दोनदा रडू आलं. काका, डाव्या पायातली चप्पल आजपासून काढली. ०८, तुमचं पटतंय, पण आधी हे एक हातात घेऊ दे, गिअरची पावसाळ्यानंतर. कॅम्पला जाऊन विचारलं, तिथे सांगितलं स्वतःची गाडी आणा, कागद पूर्ण आणा, बास. म्हणजे चार हजार मी उगाच भरत होते स्कूलच्या गाडीसाठी.

चढाबद्दल एक विचारायचं होतं, चिऱ्यावर पावसात शेवाळ धरतं तिथे चाक जागीच फिरतं, तेव्हा काय करायचं?

चिपळूण गॅरेज

एक्सलेटर सोडायचा, वाढवायचा नाही. चाक फिरायला लागलं की जास्त दिल्याने अजूनच फिरतं. थोडं मागे येऊन परत हलक्या पायाने काढा. आणि खरं म्हणजे शेवाळ घासून टाका, ब्लीचिंग पावडर मारून कडक ब्रशने, मेच्या शेवटी एकदा आणि श्रावणात एकदा. तुमच्या सासूबाई पण त्याच चढावरून चालत गाडीपर्यंत येत असतील ना.

लालपरी ३१ वर्षं

हे गॅरेजवाल्याने बरोबर सांगितलं. माणूस आधी घसरतो, गाडी मागाहून.

गुहागरची वैनी

पाच आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, मध्ये सासूबाईंना चार दिवस ऍडमिट केलं होतं.

पहिल्या टेस्टला नापास झाले. आठ छान झाला, चढ पण झाला, साहेब बाहेर उभे राहून बघत होते, रिव्हर्सला डावीकडच्या मागच्या काठीला गाडी लागली. लागल्याचा आवाज आला आणि मला पुढचं काही ऐकूच येईना. साहेब ओरडले वगैरे नाहीत, एवढंच म्हणाले की डावा आरसा एकदा पण बघितला नाहीत तुम्ही. बरोबर होतं त्यांचं. उजव्या खांद्यावरून मागे बघत बसले आणि डावी बाजू विसरले. घरी येऊन नारळ मांडले आणि सात दिवस रोज संध्याकाळी फक्त डावीकडचं एच केलं, भावोजी कंटाळून गेले पण एक दिवस आले नाहीत असं झालं नाही, त्यांच्याशिवाय कच्च्या लायसनवर गाडी काढताच आली नसती.

दुसऱ्या वेळी पास. तोंडी मला घाटाचाच प्रश्न आला काका, उतरणाऱ्याने थांबायचं म्हटलं तर साहेब म्हणाले, का? मी म्हटलं चढणारी गाडी थांबली की परत काढायला जड जातं आणि मागे यायची भीती असते. नुसती मान हलवली त्यांनी आणि सही केली.

सासूबाईंना विचारलं, उद्या माझ्याबरोबर याल का. मला वाटलं नको म्हणतील. त्यांनी रात्रीच पिशवी भरून ठेवली, त्यात औषधं, शाल, आणि मला गाडी चालवताना लागेल म्हणून कोकम सरबताची बाटली. सकाळी साडेसहाला निघालो. खळ्यातला चढ हँडब्रेकवर काढला, मागे आली नाही. शृंगारतळीला एक ट्रक आणि एसटी समोरासमोर अडकले होते, तिथे दहा मिनिटं नुसती ब्रेकवर सरकवत नेली, पुढे एक कुत्रा आडवा आला तेव्हा थांबवली, शेवटच्या हातभरात ब्रेक सैल करून, जसं काकांनी सांगितलं तसंच. आरशात बघितलं. सासूबाई डोकं काचेला टेकून झोपल्या होत्या, ट्रकच्या हॉर्नने जाग्या झाल्या नव्हत्या आणि ब्रेकने पण नाही. मार्गताम्हाणे गेल्यावर डोळे उघडून विचारलं, आलं काय गो चिपळूण.